पायी चालणाऱ्यांचे शहर

मॉन्टगोमेरी शहराच्या बसमध्ये ३६ जागा असत. पुढच्या १० गोऱ्यांच्या. त्या रिकाम्या असल्या आणि मागे काळी माणसे दाटीवाटीने उभी असली, तरी त्यांवर काळ्या माणसाने टेकायचे नाही. मागच्या १० काळ्यांच्या. मधल्या १६ जागांचे काय करायचे ते ड्रायव्हर ठरवणार. पुढच्या जागा भरल्या आणि आणखी एखादा गोरा प्रवासी चढला, की ड्रायव्हर मागे वळून हुकूम सोडी आणि मधली अख्खी ओळ रिकामी होई. एका गोऱ्यासाठी चार काळे उठत, कारण एकाच ओळीत दोन वर्णांची माणसे बसणेही नियमाबाहेर होते. भाडे दहा सेंट. काळ्या प्रवाशाने ते पुढच्या दारातून चढून पेटीत टाकायचे, पुन्हा खाली उतरायचे, चालत मागच्या दाराशी जायचे आणि तिथून चढायचे. तेवढ्यात बस दामटून निघून जाणारे ड्रायव्हर होते. शहराच्या कायद्याने ड्रायव्हरला पोलिसाचे अधिकार दिले होते.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याची ही राजधानी. १९५० च्या दशकात वस्ती सुमारे १,२०,०००, त्यात ५०,००० काळे. गोऱ्यांचे मध्यम वार्षिक उत्पन्न १,७३० डॉलर आणि काळ्यांचे ९७०. नोकरी करणाऱ्या काळ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणी गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणीभांडी आणि मुले सांभाळण्याची कामे करीत. मोटार गोऱ्यांकडे, म्हणून बसच्या प्रवाशांत तीन चतुर्थांश काळे. ज्यांच्या पैशांवर कंपनी चालत होती, त्यांनाच ती रोज दोनदा, कामावर जाताना आणि परतताना, खाली उतरून मागे जायला लावत होती.

हे पुस्तक त्या शहराने ५ डिसेंबर १९५५ ते २० डिसेंबर १९५६ या काळात जे केले त्याविषयी आहे. आपल्याकडे ही गोष्ट माहीत आहे, पण ती फार आखूड करून सांगितली जाते. दिवसभराच्या कामाने दमलेली एक शिवणकाम करणारी बाई जागेवरून उठली नाही, तिला अटक झाली, एक तरुण धर्मोपदेशक पुढे आला आणि काळे लोक जिंकले. हे सगळे घडले, पण असे घडले नाही. पन्नास हजार माणसे एका सकाळी संतापून बसमधून उतरत नाहीत आणि उतरली तरी वर्षभर बाहेर राहत नाहीत. त्यामागे अनेक वर्षांची तयारी होती, कागदपत्रे होती, हिशेब होते, गाड्यांचे वेळापत्रक होते आणि बहुतेक ठिकाणी ते करणाऱ्या स्त्रिया होत्या. ही तयारी दिसली नाही, तर आपल्याला त्या लढ्यातले काहीच कळले नाही, असे माझे मत आहे.

मराठी वाचकाने या विषयाकडे जायचे तर एक वाट आपल्याच घरातून निघते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण करून. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. जोतीरावांची ती नजर केवढी लांब पोहोचली होती! त्या साली अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये काळे प्रतिनिधी बसत होते. गुलामगिरी संपवणारी, नागरिकत्व देणारी आणि मताधिकार देणारी अशा तीन घटनादुरुस्त्या १८६५ ते १८७० या पाच वर्षांत झाल्या होत्या. मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हेल्स हे काळे गृहस्थ सिनेटवर गेले होते. पुण्यात बसून या स्वातंत्र्याला वंदन करणाऱ्या माणसाला चार वर्षांनी काय होणार हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १८७७ साली उत्तर आणि दक्षिणेतल्या राजकारण्यांनी आपसांत तडजोड केली, दक्षिणेत उरलेले केंद्राचे सैन्य बाजूला झाले आणि दिलेले एकेक परत घेतले जाऊ लागले.

परत घेतले ते कायद्याच्या भाषेत. घटना वर्णावरून मताधिकार नाकारू देत नव्हती, म्हणून राज्यांनी वर्णाचे नाव न घेणारे कायदे केले. मतदानासाठी कर भरा. वाचून दाखवा आणि अर्थ सांगा. गरीब आणि निरक्षर गोरेही यात अडकू लागले, तेव्हा लुइझियानाने १८९८ मध्ये वाट काढली: ज्याचा बाप किंवा आजोबा १८६७ च्या आधी मतदार होता, त्याला परीक्षा माफ. त्या काळात काळ्यांचे बाप आणि आजोबा गुलाम होते. त्या राज्यात १८९६ साली १,३०,००० हून अधिक काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२. या आकड्यापाशी वाचकाने जरा थांबावे. बसमधल्या पाट्या, वेगळे नळ, वेगळ्या शाळा हे सारे पुढे साठ वर्षे टिकले, कारण ते बदलू शकणाऱ्यांच्या हातातून आधी मत काढून घेतले होते.

न्यायालयानेही साथ दिली. न्यू ऑर्लिन्समधल्या काही नागरिकांनी समिती स्थापून रेल्वेच्या वेगळ्या डब्यांचा कायदा मोडायचे ठरवले. होमर प्लेसी नावाचा तरुण १८९२ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम जाऊन बसला. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच काळी व्यक्ती होती. तरी तो काळा. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी सांगितले की सोयी सारख्या असतील तर त्या वेगळ्या ठेवण्यात समतेचा भंग नाही. सोयी सारख्या कधीच नव्हत्या आणि त्या तशा आहेत का हे तपासायला कोणी गेले नाही.

यानंतर काळे लोक गप्प राहिले असे समजू नये. १९०० ते १९०६ या काळात दक्षिणेतल्या पंचवीसहून अधिक शहरांत काळ्यांनी ट्रामवर बहिष्कार घातला. मॉन्टगोमेरी त्यांपैकीच एक होते. ते लढे चिरडले गेले, विसरलेही गेले. पण दुसरी जागा रिकामी नसेल तर कोणाला उठवता येणार नाही, असा एक नियम त्या वेळच्या बहिष्कारामुळे मॉन्टगोमेरीच्या वहीत शिल्लक राहिला होता. १९५५ साली ड्रायव्हर तो खुशाल मोडत होते.

कायद्याच्या पुस्तकात जे लिहिले होते त्याहून अलिखित रीती जास्त होत्या आणि त्या शिकाव्या लागत. अनेक दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाला बूट पायात घालून पाहता येत नसे. आई घरी कागदावर मुलाचे पाऊल आखून घेई आणि तो कागद दुकानात नेई. डोक्यावर टोपी ठेवून पाहायची नाही. गोऱ्या घरातले शाळकरी पोर साठीच्या काळ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारी आणि त्या माणसाने मात्र पोराला ‘सर’ म्हणायचे. ‘मिस्टर’ आणि ‘मिसेस’ ही संबोधने काळ्यांसाठी नव्हतीच. बर्मिंगहॅम शहरात काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकत्र पत्ते किंवा सोंगट्या खेळणे हा १९३० च्या कायद्याने गुन्हा होता. प्रवासाला निघालेल्या काळ्या कुटुंबाला रात्री कुठे मुक्काम मिळेल, कुठे जेवण मिळेल, कोणत्या पंपावर स्वच्छतागृह वापरू देतील हे आधी ठाऊक असावे लागे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ साली अशा ठिकाणांची पुस्तिका काढली आणि ती पुढे तीस वर्षे निघत राहिली. आपल्याच देशात फिरताना जवळ बाळगायची ही सोबत.

या रीती पाळल्या नाहीत तर काय होते हे सर्वांना माहीत होते. १९५० मध्ये हिलियर्ड ब्रुक्स हा तरुण माजी सैनिक मॉन्टगोमेरीत बसच्या वादातून पोलिसाच्या गोळीने मेला. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला गोऱ्या बाईशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून घरातून उचलून नेऊन ठार मारले. सगळे गोरे असलेल्या ज्युरीने आरोपींना साधारण तासाभरात निर्दोष ठरवले. त्या खटल्यासाठी झटलेले डॉक्टर टी. आर. एम. हॉवर्ड २७ नोव्हेंबरला मॉन्टगोमेरीत येऊन बोलले. श्रोत्यांत रोझा पार्क्स, म्हणजे आपल्या गोष्टीतली ती शिवणकाम करणारी बाई, होत्या. चारच दिवसांनी, १ डिसेंबरच्या संध्याकाळी, त्या बसमध्ये मधल्या जागांच्या पहिल्या ओळीत बसल्या होत्या. ओळीतल्या चौघांना उठायला सांगितले. तिघे उठले.

पार्क्सबाई तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या आणि काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या १९४३ पासून चिटणीस होत्या. १९४४ मध्ये रेसी टेलर या काळ्या स्त्रीवर सहा गोऱ्यांनी बलात्कार केला, तेव्हा माहिती गोळा करायला अ‍ॅबव्हिल गावी गेलेल्या पार्क्सच होत्या. अशा कितीतरी फिर्यादींचे जबाब त्यांनी लिहून घेतले आणि त्यांतल्या बहुतेक वाया जाताना पाहिल्या. १९५५ च्या उन्हाळ्यात टेनेसीमधल्या हायलँडर शाळेत कार्यकर्त्यांच्या शिबिरालाही त्या जाऊन आल्या होत्या. त्या दिवशीचा ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता. १९४३ साली याच माणसाने भाडे घेऊन त्यांना पावसात खाली उतरवून बस पुढे नेली होती.

अटकेची बातमी पसरली आणि जो अ‍ॅन रॉबिन्सन कामाला लागल्या. रॉबिन्सनबाई अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवीत. १९४९ च्या नाताळच्या सुमारास एका ड्रायव्हरने अंगावर धावून येऊन त्यांना पुढच्या जागेवरून उठवले होते आणि त्या रडत बसमधून उतरल्या होत्या. मेरी फेअर बर्क्स यांनी १९४६ मध्ये स्थापलेल्या स्त्रियांच्या राजकीय मंडळाच्या त्या पुढे अध्यक्ष झाल्या. २१ मे १९५४ रोजी, म्हणजे शाळांतील वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्यानंतर चौथ्या दिवशी, त्यांनी महापौर गेल यांना पत्र लिहून बसवर बहिष्काराची शक्यता कळवली होती. पार्क्सच्या अटकेच्या दीड वर्ष आधी! आता त्या रात्री कॉलेजात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्यासह पहाटेपर्यंत पत्रके छापत बसल्या. सोमवारी कोणी बसमध्ये चढू नये, असा मजकूर. सरकारी कॉलेजचे यंत्र, सरकारी कागद. कळले असते तर नोकरी गेली असती. दुसऱ्या दिवशी हजारो पत्रके शाळा, केशकर्तनालये, दुकाने आणि कारखाने यांतून हातोहात गेली.

रेल्वेत पोर्टर असलेले, कामगार संघटनेत तयार झालेले ई. डी. निक्सन यांनी पार्क्सना जामिनावर सोडवले आणि धर्मोपदेशकांना फोन करून सभेला बोलावले. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या. दुपारी एक संघटना स्थापन झाली आणि २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग तिचे अध्यक्ष झाले. ते शहरात नवे होते, कोणत्याही गटाचे नव्हते, हे त्यांच्या निवडीचे एक कारण. संध्याकाळच्या सभेला होल्ट स्ट्रीटच्या चर्चमध्ये हजारो लोक आले आणि बहिष्कार पुढे चालू ठेवायचे ठरले.

मागण्या काय होत्या ते पाहिले की आज नवल वाटते. ड्रायव्हरने नीट बोलावे. काळ्यांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे, जो आधी येईल तो बसेल, कोणाला उठवू नये. काळ्या वस्त्यांच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमावेत. बस. वर्णभेद संपवा असे त्यांत कुठेही नव्हते. काही अभ्यासक याला नेमस्तपणा म्हणतात. मला त्यात माणसांची पारख दिसते. कामाला जाणाऱ्या बाईला जे आज, या बसमध्ये हवे होते तेच मागितले होते. शहराच्या कारभाऱ्यांनी एवढेही नाकारले आणि तेव्हा त्यांनीच लढा मोठा केला.

आता प्रश्न होता रोज हजारो माणसांना कामावर पोहोचवण्याचा. पहिले काही दिवस काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्या भाड्यात, दहा सेंटांत, माणसे नेली. शहराने किमान ४५ सेंटांचा नियम लागू करून ते बंद पाडले. मग लुइझियानातल्या बॅटन रूजचा अनुभव कामी आला. तिथे १९५३ च्या जूनमध्ये टी. जे. जेमिसन यांच्या पुढाकाराने बसवर छोटा बहिष्कार झाला होता आणि लोकांनी खासगी मोटारी फिरवल्या होत्या. किंगनी त्यांना फोन करून सगळे विचारून घेतले. मॉन्टगोमेरीत सुमारे तीनशे मोटारी उभ्या राहिल्या. माणसे घ्यायची आणि सोडायची ठिकाणे ठरली, वेळा ठरल्या. टपाल खात्यातल्या काळ्या कर्मचाऱ्यांना शहराची गल्ली न् गल्ली पाठ होती, त्यांनी मार्ग आखले. चर्चांच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या. विमा कंपन्यांनी या गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा अटलांटातल्या एका काळ्या दलालामार्फत लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. खर्च महिन्याला सुमारे ५,००० डॉलर. पोलीस क्षुल्लक कारणांवरून चालकांना दंड करीत. रॉबिन्सनबाईंना असे दंड अनेकदा भरावे लागले. पुष्कळ गोऱ्या गृहिणी आपल्या कामवालीला मोटारीतून आणू-सोडू लागल्या. महापौरांनी त्यांना हे थांबवायला सांगितले, पण त्यांनी ऐकले नाही. घरचे काम कोण करणार होते?

पैसा कुठून येत होता? देशभरातून देणग्या आल्या हे खरे, पण या पुस्तकातले माझे आवडते प्रकरण जॉर्जिया गिलमोर यांचे आहे. त्या एका खाणावळीत स्वयंपाकीण होत्या. काही बायका जमवून त्यांनी सँडविच, तळलेली कोंबडी, केक, ‘पाय’ (pie) असे पदार्थ करून विकायला सुरुवात केली. पैसे कुठून आले असे कोणी विचारले, तर ‘कुठूनही नाही’ असे सांगता यावे म्हणून मंडळाचे नाव ठेवले ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठलाच नसलेला क्लब. घेणाऱ्यांत गोरेही होते. मदत करणाऱ्या मोलकरणीची नोकरी या नावामुळे वाचे. दर आठवड्याच्या सभेत त्या कमाईचा आकडा जाहीर करीत आणि सभा उठून टाळ्या वाजवी. मार्च १९५६ मध्ये बहिष्काराबद्दल किंगवर चाललेल्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी घरीच खाणावळ सुरू केली. पुढे शहराच्या बागांतील वर्णभेदाविरुद्धच्या दाव्यात गिलमोर कुटुंब वादी होते. बागा सर्वांना खुल्या करण्याऐवजी शहराने १९५९ मध्ये सगळ्याच बागा बंद केल्या आणि पोहण्याचा तलाव मातीने बुजवला. काळी मुले पोहू नयेत म्हणून गोऱ्या मुलांचाही तलाव गेला.

बहिष्कारवाल्यांवरची दडपणे वाढत गेली. ३० जानेवारी १९५६ ला किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, आत पत्नी आणि तान्ही मुलगी होती. दोन दिवसांनी निक्सन यांच्या घरावर. फेब्रुवारीत १९२१ चा एक जुना कायदा उकरून ८९ जणांवर खटले भरले. पार्क्सची दुकानातली नोकरी गेली. ज्यूलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल बाईंनी डिसेंबरमध्येच स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहून या बहिष्काराची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती. त्यांचा इतका छळ झाला की १९५७ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. गांधींचे नाव त्या शहरात या लढ्याशी जोडणाऱ्या पहिल्या व्यक्तींपैकी त्या एक.

आणि तरी निकाल लागला तो पार्क्सच्या खटल्यात नव्हे. क्लॉडेट कोल्विन ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी २ मार्च १९५५ ला, पार्क्सच्या नऊ महिने आधी, बसमधून उठली नव्हती. पोलिसांनी तिला हातकड्या घालून नेले. पुढाऱ्यांनी तिच्यासाठी लढा उभारायचा विचार केला आणि सोडला. वरच्या न्यायालयाने तिच्यावरचा वर्णभेदाच्या कायद्याचा आरोप वगळून मारहाणीचा तेवढा ठेवला, त्यामुळे कायद्याला आव्हान देता येईना, हे कारण खरे आहे. पण ती गरीब वस्तीतली, गडद रंगाची, तापट समजली गेलेली मुलगी होती आणि पुढे त्याच वर्षी ती गर्भवती राहिली, हेही तिला मागे ठेवण्यात होतेच. समतेच्या लढ्याने आपल्याच एका मुलीला अब्रूच्या तराजूत घातले आणि हलकी ठरवले, ही या इतिहासातली दुखरी गोष्ट आहे. ती झाकू नये. तिने मात्र पाठ फिरवली नाही. फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने १ फेब्रुवारी १९५६ ला केंद्रीय न्यायालयात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध दावा दाखल केला, त्यात ती वादी होती आणि साक्षीला उभी राहिली. जूनमध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल मिळाला. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याच दिवशी मॉन्टगोमेरीच्या न्यायालयात मोटारींच्या व्यवस्थेवर बंदी आली. निकालाचा आदेश शहरात पोहोचेपर्यंत पाच आठवडे गेले आणि तेवढे दिवस लोक अक्षरशः पायी चालले. २१ डिसेंबरला ते पुढच्या दाराने चढले आणि हवे तिथे बसले.

आठवडाभरात बसवर गोळीबार सुरू झाला. रोझा जॉर्डन या गर्भवती स्त्रीच्या दोन्ही पायांत गोळ्या लागल्या. १० जानेवारी १९५७ च्या रात्री चार चर्च आणि दोन घरे बॉम्बने उडवली. कबुलीजबाब देऊनही दोन आरोपींना ज्युरीने सोडले. पार्क्स दांपत्याला काम मिळेना, ते डेट्रॉइटला गेले. कोल्विनही न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथे रुग्णसेवेचे काम करीत राहिल्या. त्यांच्या नावावरचा बालपणीचा गुन्हा कागदोपत्री पुसला गेला तो २०२१ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी.

किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात उतरले. हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच्या तेरा वर्षे आधी, जुलै १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, हे तेवढे सांगितले जात नाही. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. जात आणि वर्ण एक नाहीत. इथे कातडीच्या रंगावरून माणूस ओळखता येत नाही आणि तिथे स्पर्शाचा विटाळ तसा नव्हता, काळ्या बाईच्या हातचे जेवण गोरे रोज जेवत होते. पण सार्वजनिक जागेवर आपला हक्क आहे हे तिथे जाऊन, स्वतः तिथे बसून सिद्ध करावे लागते, हे महाडच्या तळ्यावर १९२७ साली गेलेल्यांना वेगळे सांगावे लागले नसते.

शाळांत शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पार्क्सबाईंचा धडा शिकवताना त्यांचे चिटणीसपद आणि बारा वर्षांचे काम सांगा, आणि ज्या दाव्याने बसमधला वर्णभेद संपला त्यातल्या चौघी वादींची नावे फळ्यावर लिहा: ऑरेलिया ब्राउडर, सत्तरी ओलांडलेल्या सूझी मॅक्डॉनल्ड, अठरा वर्षांची मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन.